साहेबांना सांगणार कोण?

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक असतात, कॅप्टन आणि सहवैमानिक. विमान दोघंही उडवतात, साधारणपणे आळीपाळीने. एक फेरी याची, पुढची त्याची. कॅप्टनच्या गाठीशी अर्थातच जास्त तास आणि जास्त वर्षं. आता सांगा, मोठे अपघात झाले तेव्हा विमान बहुतेक वेळा कुणाच्या हातात असेल? नवख्याच्या, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1978 ते 1990 या काळातल्या, वैमानिकांच्या चुका कारणीभूत ठरलेल्या 37 मोठ्या अपघातांचा अभ्यास करून 1994 साली अहवाल काढला. त्यांतल्या 80 टक्क्यांहून जास्त अपघातांत विमान कॅप्टन चालवत होता.

कॅप्टन लोकांना विमान चालवता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. सहवैमानिक चुकला की कॅप्टन ताबडतोब बोलतो, "अरे, वेग बघ." चूक तिथल्या तिथे निस्तरली जाते. कॅप्टन चुकला की शेजारी बसलेला माणूस आधी विचारात पडतो. आपल्यालाच नीट कळलं नसेल का? त्यांनी मुद्दाम असं केलं असेल का? बोललो आणि आपलंच चुकीचं निघालं तर? हा विचार संपेपर्यंत कधीकधी धावपट्टी संपते.

सर्वसमावेशक नेतृत्व, ऑफिसच्या भाषेत इन्क्लुझिव्ह लीडरशिप, हा विषय हल्ली एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये हसऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंसोबत येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा चांगुलपणाचा मामला आहे. सगळ्यांशी गोड बोला, महिला दिनाला गुलाबाचं फूल द्या, दिवाळीबरोबर ईद आणि नाताळचेही मेल पाठवा. यात वाईट काही नाही, पण एवढ्याने विषयाला हातही लागत नाही. मला तो कॉकपिट आणि ऑपरेशन थिएटरमधून समजावून घेणं जास्त सोयीचं वाटतं, कारण तिथे न ऐकण्याची किंमत लगेच आणि सगळ्यांदेखत चुकवावी लागते. ऑफिसात तीच किंमत हप्त्याहप्त्याने जाते, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

टेनेरिफ, पोर्टलंड, मंगळुरू

27 मार्च 1977. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं पसरलेलं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो जेट धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणाच्या तयारीत होतं. त्याच धावपट्टीवर, धुक्यामुळे न दिसणारं, पॅन ॲमचं दुसरं जम्बो होतं. केएलएमच्या कॅप्टनने इंजिनांना जोर दिला तेव्हा सहवैमानिकाने टोकलं, अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टनचं उत्तर साधारण असं होतं: ठाऊक आहे मला, विचार त्यांना. थोड्याच वेळात, उड्डाणाची स्पष्ट परवानगी नसतानाच, कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली. या वेळी सहवैमानिकाने त्याला अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने, म्हणजे त्या काळच्या मोठ्या विमानांत यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या तिसऱ्या माणसाने, विचारलं, ते पॅन अमेरिकन अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय की. काही सेकंदांत टक्कर झाली आणि 583 माणसं गेली.

हा कॅप्टन म्हणजे केएलएममधला जम्बोच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असे. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जम्बो चालवण्याची परीक्षा अलीकडेच त्यानेच घेतली होती. ज्याने आपल्याला पास केलं त्याला आत्ताच एकदा टोकून झालंय, आता पुन्हा टोकायचं? आणि इंजिनिअरला जी शंका आली होती ती त्याने प्रश्नाच्या रूपात मांडली, कारण वरिष्ठाला थेट विधान करून अडवण्यापेक्षा प्रश्न विचारणं सोपं असतं. प्रश्नाला "हो" म्हटलं की तो संपतो.

आपल्याकडचे असे प्रश्न तुम्हाला पाठ असतील. "सर, एकदा बघून घ्यायचं का?" याचा अर्थ, हा आकडा चुकलाय. "मॅडम, मागच्या वेळी आपण जरा वेगळं केलं होतं ना?" म्हणजे हे नियमात बसत नाही. "तारीख जरा टाइट वाटतेय" म्हणजे मार्चअखेर हे काम होणं शक्य नाही, पण ते सांगणारा मी नको. बोलणाऱ्याला वाटतं, आपण सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी काही बोललंच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1978 ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान इंधन संपून पडलं. चाकांच्या यंत्रणेत बिघाड असल्याचा संशय होता. कॅप्टन त्याच विवंचनेत जवळजवळ तासभर विमानतळाभोवती घिरट्या घालत राहिला. इंधन उतरत चाललंय हे बाकीच्या दोघांना, सहवैमानिकाला आणि फ्लाइट इंजिनिअरला, दिसत होतं, त्यांनी तसे उल्लेखही केले, पण "आता उतरलंच पाहिजे" इतक्या स्पष्ट शब्दांत वेळेवर कुणी सांगितलं नाही. विमानातल्या 189 जणांपैकी 10 जण दगावले, त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता. या अपघातानंतर तपास मंडळाने जी शिफारस केली तिला दोन बाजू होत्या. कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवा, आणि कॅप्टनना सगळ्यांना सहभागी करून घेत काम चालवायला शिकवा. 1981 पासून युनायटेडने हे प्रशिक्षण सुरू केलं आणि पुढे ते जगभर पसरलं. विमान उद्योग त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतो.

दुसरी बाजू महत्त्वाची. आपल्याकडे या विषयावर बोलताना बहुतेक लोक पहिल्या बाजूवरच थांबतात. "मुलांनी बोलायला शिकलं पाहिजे", "महिलांनी पुढे आलं पाहिजे", "कॉन्फिडन्स हवा". म्हणजे सगळा अभ्यास ज्याच्याकडे सत्ता कमी त्याच्या माथी. साहेब आहेत तसेच राहणार.

बोलण्याचं धाडस होतं, तरीही फळ मिळालं नाही, असंही होतं. 22 मे 2010 ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर हवं त्यापेक्षा बरंच उंचावरून उतरायला निघालं होतं. सहवैमानिकाने तीनदा "गो अराउंड" म्हटलं, म्हणजे उतरणं सोडा, पुन्हा वर चला. यंत्रंही इशारे देत होती. प्रवासातला बराच वेळ झोपलेल्या कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. विमानात 166 जण होते, 158 गेले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले. त्यांच्या अहवालात एक बारीक पण भेदक निरीक्षण आहे: सहवैमानिक पुन्हा पुन्हा सांगत राहिला, पण त्याने विमानाचा ताबा घेतला नाही, आणि सहवैमानिकाला तसा अधिकार आहे की नाही याबद्दलच्या वेगवेगळ्या सूचनांतच संदिग्धता होती.

बोलायची मुभा आहे, पण बोलल्यानंतर पुढे काय होणार हे कुठेच लिहिलेलं नाही, ही अवस्था कित्येक कंपन्यांच्या "ओपन डोअर पॉलिसी"ची असते. दार उघडं असतं. आत जाऊन काय बदललं, ते कुणी सांगू शकत नाही. अनेक विमान कंपन्यांनी यावर एक कोरडा नियम केला आहे: दोनदा सांगूनही कॅप्टनने दाद दिली नाही तर सहवैमानिकाने ताबा घ्यायचा. नियम असला की धाडसाची गरज कमी होते. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. ज्या कामासाठी रोज धाडस लागतं ते काम बहुतेक माणसं रोज करत नाहीत.

नर्सना माहीत होतं

मार्च 2005, इंग्लंड. एलेन ब्रोमिली, वय 37, सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद होऊ लागला. अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करत राहिले, पुन्हा पुन्हा, बराच वेळ. अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायची असते, हे मार्गदर्शक तत्त्वांत होतं आणि डॉक्टरांनाही माहीत होतं, पण संकटात माणसाची नजर एकाच गोष्टीवर खिळते. खोलीतल्या नर्सना मात्र चित्र स्पष्ट दिसत होतं. एकीने गळ्याला छेद देण्याचं साहित्य आणून ठेवलं आणि तसं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. तिच्याकडे "एवढं काय झालंय" अशा नजरेने पाहिलं गेलं, म्हणून तिने खाट रद्द केली. एलेन पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन हे योगायोगाने वैमानिक. कॉकपिटमध्ये हे दुखणं ओळखून त्यावर उपाय सुरू झाला, मग इस्पितळात का नाही, हा प्रश्न घेऊन त्यांनी 2007 मध्ये एक संस्था उभी केली. कुणाला शिक्षा व्हावी, हा त्यांचा आग्रह कधीच नव्हता.

आता थोडं संशोधनाकडे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन 1990च्या दशकात इस्पितळांमधल्या औषधांच्या चुकांवर काम करत होत्या. चांगल्या चमूंमध्ये चुका कमी असतील, ही अपेक्षा. निघालं उलटंच. ज्या चमूंमधलं वातावरण चांगलं, तिथे चुकांचा आकडा जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. वाईट चमूंमध्ये त्या लपत होत्या. यातून "मानसिक सुरक्षितता" ही कल्पना आकाराला आली: इथे प्रश्न विचारला, चूक कबूल केली, विरोधी मत मांडलं तर मला कमी लेखलं जाणार नाही, हा चमूतल्या माणसांचा विश्वास. 1999 च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर ती सर्वदूर पोचली. पुढे गूगलने आपल्याच 180 चमूंचा अभ्यास केला तेव्हा चमूत कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे जास्त महत्त्वाचं निघालं, आणि यादीत मानसिक सुरक्षितता पहिली आली.

आपला विषय थेट येतो 2006 मध्ये. इन्ग्रिड नेम्बहार्ड आणि एडमंडसन यांनी नवजात बाळांच्या 23 अतिदक्षता विभागांचा अभ्यास केला. तिथे डॉक्टर वरचे, नर्स त्यांच्या खालच्या, श्वसनतंत्रज्ञ आणखी खालचे. जितका हुद्दा खाली, तितकं बोलायला भय. यात नवल काही नाही. काही विभागांत मात्र ही उतरंड असूनही खालची माणसं मोकळेपणाने बोलत होती, आणि फरक वरिष्ठाच्या दोन सवयींमुळे पडत होता. तो इतरांचं म्हणणं स्वतःहून मागत होता आणि आलेल्या म्हणण्याची कदर करत होता, शब्दांत आणि कृतीत. सर्वसमावेशक नेतृत्वाची व्याख्या एवढीच आहे. हुद्दे काढून टाका, असं त्यात कुठेही नाही.

विदर्भाशी नातं असलेलं एक उदाहरण इथे द्यायला हवं. डॉक्टर अतुल गावंडे हे अमेरिकेतले शल्यविशारद. त्यांचे वडील आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी अतुल गावंडे यांच्या चमूने शस्त्रक्रियेआधी म्हणायची एक छोटी यादी तयार केली. रुग्ण कोण, बाजू कुठली, प्रतिजैविक दिलं का, असे साधे मुद्दे. त्यांत एक मुद्दा वेगळा आहे: चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ऐकायला बालिश वाटतं. पण एकदा का माणसाने खोलीत आपल्या तोंडाने नाव उच्चारलं की पुढे गरज पडल्यावर तो बोलण्याची शक्यता वाढते. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आली होती.

गोष्ट इथे थांबवली असती तर छान वाटली असती. पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची केल्यावर 101 इस्पितळांचा अभ्यास झाला आणि 2014 मध्ये निष्कर्ष आला की मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडलेला नाही. कारणांवर बराच वाद झाला. माझा कल त्या बाजूला आहे जी म्हणते की वरून आदेश आला म्हणजे टिकमार्क होतात, संवाद होतोच असं नाही. आपल्याकडच्या कंपन्यांतली "डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन" ट्रेनिंगं आठवा. लिंक येते, स्लाइड पुढे ढकलत जायचं, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट डाउनलोड. शंभर टक्के पूर्तता.

"आपली संस्कृतीच तशी"

हा बचाव हमखास ऐकू येतो. गेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून "सत्तेतलं अंतर", म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली असमानता लोक कितपत गृहीत धरतात ते, मोजायचा प्रयत्न केला होता. भारताचा गुण 77, अमेरिकेचा 40, नेदरलँड्सचा 38. बघा, आपल्याकडे साहेबाला साहेब म्हणायची रीतच आहे, असं म्हणून विषय मिटवता येतो. पण टेनेरिफचा कॅप्टन डच होता आणि पोर्टलंडचा अमेरिकन. ज्या देशांत बॉसला पहिल्या नावाने हाक मारतात तिथेही माणसं वरिष्ठापुढे गप्प बसली आणि मेली. आपल्याकडे चढण जास्त उभी आहे, इतकंच.

आपल्याकडचा खरा वेगळेपणा कुठे आहे, तर गप्प बसवणारी कारणं एकावर एक चढलेली असतात. हुद्दा हे त्यातलं फक्त सगळ्यात वरचं.

भाषा घ्या. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत दहा जणांची बैठक चालली आहे. त्यात परभणीकडून आलेला, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा आहे. कोड त्यानेच लिहिलाय, कुठे फुटणार हे त्यालाच माहीत आहे. पण बैठक इंग्रजीत. वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. तो बोलत नाही, आणि अप्रेझलमध्ये शेरा येतो, "कम्युनिकेशन सुधारण्याची गरज". बैठकीचा विषय आदल्या दिवशी लेखी कळवला आणि सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनी आपापले मुद्दे लिहून काढायला दिली, तर हाच मुलगा पहिल्या तीन जणांत असतो. ॲमेझॉनमध्ये बैठकीच्या आरंभी सगळे मिळून शांतपणे लेखी टिपण वाचतात, ते काही परभणीच्या मुलासाठी नव्हे, पण फायदा त्यालाही होतो. आणि मॅनेजरने स्वतः मध्येच "मराठीत सांग, हिंदीत सांग, चालेल" म्हटलं तर चर्चेचा दर्जा घसरत नाही. अगदी सहज होण्यासारखं असूनही हे क्वचितच होताना दिसतं.

मग जात आहे. "नाव काय?" याचं उत्तर मिळाल्यावर "पूर्ण नाव?" असा दुसरा प्रश्न का येतो, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही कळतं. आरक्षणातून आलेल्या अभियंत्याला पहिली चूक करायचीही सोय नसते, कारण त्याची चूक एका माणसाची राहत नाही. अशा माणसाने बैठकीत "मला हे समजलं नाही" म्हणावं, ही अपेक्षा करायची तर तो धोका आधी साहेबाने स्वतः पत्करावा लागतो. "मलाही हे नीट कळलेलं नाही, कुणीतरी पुन्हा सांगा" हे वाक्य वरच्या खुर्चीतून आलं की खालच्यांना स्वस्त होतं.

बायकांच्या बाबतीत बैठकीपेक्षा बैठकीबाहेरचं जास्त नडतं. अर्धे निर्णय खालच्या टपरीवर सिगारेट आणि कटिंगसोबत झालेले असतात, उरलेले रात्री साडेनऊच्या कॉलवर. सकाळच्या बैठकीत फक्त घोषणा. मग तिला "तुझं मत सांग" म्हणण्यात काय अर्थ? आणि मत सांगितलंच, तर कोणी ऐकत नाही. पाच मिनिटांनी तेच एखादा पुरुष सहकारी बोलतो आणि सगळ्यांच्या माना डोलतात. चांगला प्रमुख इथे फक्त एवढंच म्हणतो, "हे आत्ता मॅडमनी मांडलं होतं, त्यांचं पुरतं ऐकू या."

कारखान्यात तर काही माणसं मोजणीतच नसतात. चाकणच्या एखाद्या प्लँटमध्ये कायम कामगारांची बैठक होते, सूचनापेटी असते. ठेकेदाराचा हेल्पर यातल्या कशातच नाही, आणि कुठला व्हॉल्व्ह गळतोय हे त्यालाच रोज दिसतं. टोयोटाने आपल्या लाइनवर कामगाराच्या हाताशी दोरी ठेवली. अडचण दिसली की त्याने ती ओढायची, टीम लीडर लगेच येतो, ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. या पद्धतीची नक्कल करणाऱ्या कंपन्यांत दोरी लगेच बसते. ओढणाऱ्याला "पुन्हा काय झालं तुझं?" असं विचारलं गेलं की ती शोभेची होते.

एक म्हणजे नाहीच

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात एक प्रयोग केला. रेघांच्या लांबीचा अगदी सोपा प्रश्न, पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही खरा सहभागी जवळपास एक तृतीयांश वेळा गर्दीच्या मागे जायचा. मग ॲशने एक बदल केला. गटात फक्त एक माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला. गर्दीच्या मागे जाण्याचं प्रमाण एकदम आधीच्या एक चतुर्थांशावर आलं.

2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. ते आवश्यकच होतं. पण "किमान एक" म्हणजे नेमकी ॲशच्या प्रयोगातल्या एकाकी माणसाची जागा. समितीत एकच स्त्री, चमूत एकच अपंग सहकारी, मुलाखतीच्या पॅनलवर एकच दलित अधिकारी, अशी रचना असली की त्या माणसावर एकाच वेळी आपलं आणि आपल्या सगळ्या समाजाचं बोलण्याची वेळ येते. दुसरं माणूस आलं की पहिलं माणूस फक्त स्वतःच्या मताचं होऊ शकतं. त्यामुळे भरतीच्या वेळी "आमच्याकडे आहे एक" हे उत्तर ऐकलं की माझे कान टवकारतात.

कायद्यांची पायाभरणी आपल्याकडे तशी बरी आहे. 1997 चा विशाखा निकाल, त्यातून 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांची दखल आणि सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण. त्या कायद्यात वाजवी सोय करून देण्याचंही तत्त्व आहे: स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर, रॅम्प, बदललेली वेळ. हा नेतृत्वाचा भाग वाटत नाही, पण आहे. अंध सहकाऱ्याला बैठकीत आकड्यांचा फोटो पाठवणारा प्रमुख त्याचं मत मागतोय असं कितीही म्हणो, त्याने ते मागितलेलं नाही.

काय नव्हे

सगळ्यांना विचारत बसलं तर निर्णय कधी होणार, ही शंका रास्त आहे. उत्तरही विमानातलंच. 19 जुलै 1989 ला युनायटेडच्या एका विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. असं होऊच शकत नाही म्हणून त्यासाठी कुठली कार्यपद्धतीही लिहिलेली नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतलं. त्याने नुसत्या इंजिनांच्या जोरावर विमान डावी-उजवीकडे वळवायला मदत केली. सू सिटीला विमान आदळलं, 112 जण गेले, पण 296 पैकी 184 वाचले. कॉकपिटमधल्या प्रत्येकाला बोलू दिलं नसतं तर हेही झालं नसतं, असं हेन्स नंतर आपल्या भाषणांत सांगत. त्या 44 मिनिटांत कुणी मतदान घेतलं नाही. कॅप्टन शेवटपर्यंत कॅप्टनच होता. ऐकायचं सगळ्यांचं, ठरवायचं एकाने, आणि ज्याचं ऐकलं पण मानलं नाही त्याला का मानलं नाही ते सांगायचं. हा शेवटचा भाग बहुतेक साहेब विसरतात, आणि पुढच्या वेळी तो माणूस गप्प बसतो.

नफ्याच्या टक्केवारीचीही थोडी शहानिशा हवी. वैविध्य असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात, असे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे अहवाल 2015 पासून सगळीकडे उद्धृत होतात. दोन अभ्यासकांनी 2024 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या आकडेवारीवर तेच पडताळून पाहिलं, तेव्हा तसा संबंध सापडला नाही. आपल्या संचालकांना पटवायला कुणी हा आकडा वापरत असेल तर जपून वापरावा. चुका लवकर कळतात, हा फायदा जास्त साधा आहे आणि त्याला आधारही भक्कम आहे.

मग सोमवारपासून करायचं काय? "कुणाला काही शंका?" हा प्रश्न बंद करा, त्याचं उत्तर नेहमी शांतता असतं. त्याऐवजी माणसाकडे बघून विचारा, "ही योजना फसली तर कुठे फसेल, तुम्हाला काय वाटतं?" फसण्याबद्दल तुम्हीच बोललात, त्यामुळे त्याला उद्धटपणाचा धोका उरत नाही. स्वतःचं मत शेवटी सांगा. लष्करी न्यायालयात सगळ्यात कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेण्याची जुनी प्रथा आहे, ती उगीच नाही. क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचाच्या वेळी, 1962 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आपल्याच सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, कारण त्यांच्यासमोर लोक त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत. आणि पहिली वाईट बातमी घेऊन कुणी आलं की काय बोलता त्याकडे लक्ष द्या. ती सांगणाऱ्याला मिळालेली वागणूक सगळ्या मजल्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलेली असते.

हे सगळं नीट केलं तर एक गोष्ट नक्की होईल. पहिल्या काही महिन्यांत तुमच्या विभागातल्या नोंदवलेल्या चुका, तक्रारी, राहून गेलेल्या कामांचे उल्लेख वाढतील, एडमंडसनना इस्पितळांत दिसलं तसेच. शेजारचा विभाग, जिथे कुणी काही बोलत नाही, तो डॅशबोर्डवर हिरवागार दिसेल. तिमाही आढाव्यात तुमच्या वरच्या साहेबाने या दोन रंगांवरून गुण दिले तर तुम्हीही पुढच्या तिमाहीत शहाणे व्हाल. म्हणून हा बदल मधल्या मॅनेजरवर सोडून चालत नाही. लाल रंग कुणामुळे दिसला आणि हिरवा कुणी रंगवला, हे विचारायचं काम त्याच्या वरच्याचं आहे.